भांडणाच्या खोलीचा परवाना

ती. दादांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला गेला असेल अशी आशा करतो (नसेल तर कोरडा आहे की ओला ते कळवा, जन्मभर माइकसमोर बसणाऱ्यांचे खोकले ऐकलेत, लगेच सांगेन). माझी तब्येत ठीक, म्हणजे दोन वेळा जेवतो. झाल्या प्रकाराची एक बाजू तुम्हाला कळलीच आहे, कारण ती बाजू पिशवी घेऊन तुमच्याकडे आली आहे आणि बहुधा आत्ता तुमच्या खांद्यावरून हे पत्र वाचते आहे. तरी दुसरी बाजू ऐका आणि मग काय ते बोला.

माझी मागची खोली तुम्ही पाहिलेली आहे. भिंतींना जाड अस्तर, दुहेरी दार, आतला आवाज आतच. पूर्वी तिथे जाहिरातींचं रेकॉर्डिंग व्हायचं. आता जो तो मोबाइलवरच बोलून मोकळा होतो, त्यामुळे खोली ओस पडली. मग एकदा एक जोडपं मुलाच्या शाळेसाठी कविता रेकॉर्ड करायला आलं. आत गेल्यावर कविता राहिली बाजूला, दोघं कडाकडा भांडली, आणि बाहेर येऊन म्हणाली, पुढच्या आठवड्यातही खोली द्या. घरी भिंती पातळ, वर सासूबाई, खाली घरमालक, मनासारखं भांडताच येत नाही. तेव्हापासून ती भांडणाची खोली झाली. खुर्च्या मी जमिनीला स्क्रूने पक्क्या केल्या (उचलता येऊ नयेत म्हणून), पाणी स्टीलच्या पेल्यात ठेवलं (काचेचे दोन दिवसांत संपले), आणि आत एक लाल दिवा बसवला. वेळ संपत आली की तो लुकलुकतो, म्हणजे कोणाला माफी मागायची असेल तर तेवढ्यात मागून घ्यावी. हसू नका, आमचं घर आज त्या खोलीवर चालतं.

शेजारच्या चष्मेवाल्याला हे बघवलं नाही. त्याने तक्रार केली. आवाजाची नव्हे, आवाज येत नाही हीच त्याची तक्रार. लोक तोंड पाडून येतात आणि हसत बाहेर पडतात, तेव्हा आत काहीतरी बेकायदेशीर चालत असणारच, असं त्याचं म्हणणं. झालं, नगररचना खात्याची नोटीस आली. आमची गल्ली रहिवासी विभागात. हा व्यवसाय तिथल्या नियमात बसतो का ते साहेब पाहायला येतील, नाही बसला तर खोलीला सील. या वयात मला दुसरं काम कोण देणार?

साहेब आले. माणूस भला, पण अगदी पाप्याचं पितर, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'तसं पाहिलं तर' अशी. बरोबर शिपाई, त्याच्या हातात लाखेची कांडी आणि सुतळी. साहेब पुस्तकात बोट घालून पानं उलटू लागले. शिकवणीला परवानगी आहे, पण इथे कोणी काही शिकत नाही. दवाखाना चालतो, पण मी औषध देत नाही. सभागृह म्हणावं तर दोघांची सभा होत नाही. करमणूक म्हणावी तर प्रेक्षक नाहीत (तशी ती चष्मेवाल्याची झाली असती, पण आतलं त्याला ऐकू येत नाही). शेवटी एक कलम सापडलं: राहत्या माणसाने घरच्यांच्या मदतीने स्वतः केलेला व्यवसाय चालतो. माझा जीव भांड्यात पडतोय तोच साहेब म्हणाले, तसं पाहिलं तर शिंपी स्वतः शिवतो, इथे मात्र सगळं काम गिऱ्हाईकच करतं, तुम्ही नुसती खोली भाड्याने देता. तो झाला व्यापार. शिपायाने काडेपेटी काढली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसा मी ओरडलो, आम्हीही भांडतो की! मी आणि ही, दोघं मिळून! साहेबांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, करून दाखवा.

तुमच्या बहिणीला स्वयंपाकघरातून बोलावलं. ती हात पुसत आली, आम्ही समोरासमोर बसलो, दार लागलं. बाहेर साहेब दाराच्या काचेला नाक लावून उभे. आणि दादा, आम्हाला भांडता येईना! येणार कसं? ती काहीही म्हणाली तरी 'बरोबर आहे तुझं' म्हणायचं, हा माझा संसाराचा मूलमंत्र (तो लग्नात तुम्हीच माझ्या कानात सांगितला होता, हे तिला कळू देऊ नका). साहेब घड्याळ पाहायला लागले. मी हात जोडून म्हणालो, अगं, काहीतरी बोल, नाहीतर खोली जाईल.

मग ती बोलायला लागली. परक्यांना तुम्ही पाणी देता, दार लावून देता, पोटभर बोलू देता. मी तोंड उघडलं की तुम्ही नळ बंद आहे का बघायला उठता. मी म्हणालो, बरोबर आहे तुझं. ती म्हणाली, मी माणसाशी बोलतेय की भिंतीशी? मी म्हणालो, बरोबर आहे तुझं. तिचा चेहरा लालबुंद झाला, डोळे भरले, आणि मी मूर्ख मनात म्हणतोय, वा, काय अभिनय करते! दिवा लुकलुकायला लागला. तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, माझ्यावाचून तुमचं काहीच अडत नाही.

आणि जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. मी म्हणालो, बरोबर आहे तुझं.

ती उठून गेली. साहेब माझा हात हातात घेऊन म्हणाले, इतकं मन लावून केलेलं काम या खात्यात पाहायला मिळत नाही. मी त्यांचं कौतुक ऐकत राहिलो आणि ती पिशवी भरून मागच्या दाराने बाहेर पडली. कागदावर दोघांची सही हवी म्हणून हाक मारली, तेव्हा घर रिकामं. साहेबांनी शेरा लिहिला, तो असा: 'व्यवसाय घरगुती असल्याचे दिसले. तथापि टाळी एका हाताने वाजत नाही. दुसरा हात घरात आढळला नाही.' सोमवारी ते परत येणार आहेत. दुसरा हात असला तर परवाना, नसला तर लाख आणि सुतळी.

वहिनींना नमस्कार. पत्र लांबलं, पण सध्या इथे बोलायला कागदच आहे.

तुमचा,
मेहुणा

ता. क. : तर मुद्द्याचं एवढंच, की तिला सोमवारच्या आत पाठवा. एक सही आणि थोडंसं भांडण, मग हवं तर संध्याकाळच्या गाडीने तुमच्याकडे परत जाऊ दे.

आणखी ता. क. : वरचं वाचून ती म्हणणार, बघा, परवान्यासाठी बोलावताहेत. तर परवान्यासाठी येऊ नको म्हणावं. सील लागलं तर लागू दे, ते मागच्या खोलीला लागेल. काल मीच केलेल्या भाजीला मी चांगली म्हणालो आणि कोणी हूं की चूं केलं नाही. फार वाईट वाटलं.

शेवटची ता. क. (ही मोठ्याने वाचा) : ते अडण्याबिडण्याचं तिचं म्हणणं साफ चूक आहे. मला अजिबात मान्य नाही. हिंमत असेल तर समोर येऊन सिद्ध कर म्हणावं.