नाक धरलेला व्याही

सोनई, ता. २७ जानेवारी १९४६

ती. सौ. अक्का हीस, नृसिंहाचा शि. सा. न. वि. वि.

विजयाचं दुसरंही स्थळ माझ्या तोंडामुळे गेलं. वरपिता चहाला पाणचट म्हणाला आणि मी त्याला दार दाखवलं. पोरगी माझ्याशी बोलत नाही. दहा तारखेला खर्ड्याचे काकासाहेब येताहेत. त्यांचा मुलगा तिने नगरला पाहिला आहे आणि तिच्या मनात भरला आहे. हेही मी घालवलं तर ती मला कधी माफ करणार नाही. काही उपाय असेल तर कळव.

लोभ आहेच, दहा तारखेनंतरही राहावा.

तुझा नृसिंह

राजूर, ता. १ फेब्रुवारी

चि. नृसिंह यास अनेक आशीर्वाद.

तू लहानपणी दूध कोमट मिळालं तरी वाटी फेकायचास. राग आला की दाबू नकोस आणि सोडूही नकोस, नुसता बघ. कान तापतात का, मुठी वळतात का ते बघ. श्वासाकडे ध्यान ठेव आणि तोवर बोलू नकोस. सासूबाईंच्या हाताखाली मी एवढ्यावरच निभावलं.

विजयाला जवळ घेतल्याचं सांग.

तुझी अक्का

सोनई, ता. ११ फेब्रुवारी

ती. सौ. अक्का हीस शि. सा. न. वि. वि.

काकासाहेब बसल्याबसल्या म्हणाले की मुलगी सावळी आहे. माझे कान तापले. श्वासाकडे ध्यान दिलं, पण मुंजीपासूनची संध्येची सवय, श्वास म्हटला की हात नाकावर जातो. मी डोळे मिटून नाक धरलं. मग त्यांना पोहे खारट लागले. पुन्हा धरलं. शेवटी ते ताडकन उठले आणि म्हणाले की मोटारीत घामेजून आलेल्या पाहुण्यासमोर नाक धरणारा व्याही त्यांना नको.

विजया दाराआड रडत होती. चालते व्हा, हे शब्द माझ्या जिभेवर आले. ते येताना मला दिसले, अक्का, जन्मात पहिल्यांदा. मी ते तिथेच राहू दिले आणि सगळं खरं सांगून टाकलं.

काकासाहेब परत बसले. त्यांची थोरली सून त्यांच्याच तापटपणामुळे माहेरी जाऊन बसली आहे. उपायाने गुण येतो का, असं त्यांनी हळूच विचारलं. विजयाने पुन्हा पोहे आणले तेव्हा आम्ही दोघेही नाक धरून बसलो होतो. या खेपेला पोह्यांत मीठच नव्हतं. दोघांनीही बशा चाटूनपुसून संपवल्या. कालच सुपारी फोडली.

कृपा असू द्यावी.

तुझा नृसिंह

राजूर, ता. १६ फेब्रुवारी

चि. नृसिंह यास आशीर्वाद.

थोरल्या बहिणीला न विचारता सुपारी फोडलीस? आत्याचा मान म्हणून काही असतो की नाही? मी लग्नाला पाऊल टाकणार नाही, खुशाल

इथे थांबले होते. कान फार तापले होते, आता निवले. वरच्या ओळी खोडत नाही, तुलाही कळू देत. विजयासाठी खण घेऊन आठवडाभर आधी येते. मीठ मी घालीन.

तुझी अक्का