रॉकेलवाल्या मामाची भाची

लोणावळे,
ता. २ नोव्हेंबर १९४२

चि. माधवरावास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ब्रह्मदेश पडला आणि तिथून येणारे रॉकेल इथे दिसेनासे झाले. मागोमाग सगळ्याचेच भाव चढले. तळेगावचे किराणावाले महिपतराव तर टाकव्याहून बैलगाडीने आलेल्या तांदळाचाही भाव वाढवतात आणि वर म्हणतात, रॉकेल महागले. बैल काय रॉकेल पितात?

परवा हेच महिपतराव आपल्या पद्मजेला पाहायला आले, मुलगा श्रीपाद याच्यासाठी. मुलगा गोड आहे, पोरगीही मनातून खूश. मी आपली बोलून गेले की माझा भाऊ इराणात आबादानला तेल कंपनीत आहे. झाले! पत्रिका राहिली बाजूला. मुलगी पसंत, हुंडा नको, फक्त मामाकडून रॉकेलचे डबे हवेत. मी हो म्हणून बसले! आता तूच तार, नाहीतर जमलेले मोडेल.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी इंदिराताई

आबादान,
ता. १० जानेवारी १९४३

ती. सौ. ताईस माधवचा सा. न. वि. वि.

अगं, कारकुनाला तू विहिरीचा मालक केलेस! इथे रॉकेल पाण्याच्या भावात, हे खरे. पण डबा फाटकाबाहेर नेला तर डब्यासकट मी घरी. आणि स्वस्ताई म्हणशील तर नावाला नाही. गहू, चहा सारे जहाजाने येते, जहाजे लढाईवर. कांदा तर पाहुण्यांना दाखवून परत ठेवतो. साहेबाच्या विलायतेत पेट्रोल चिठ्ठीवर मिळते म्हणे. तुमच्याकडे तेल नाही म्हणून महागाई, आमच्याकडे तेलाशिवाय काही नाही म्हणून महागाई.

महिपतरावांना खरे सांगून टाक. पोरीसाठी जीव तुटतो गं, पण इलाज नाही.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझा माधव

लोणावळे,
ता. ५ मार्च १९४३

ती. मामांस पद्मजाचा शि. सा. न. वि. वि.

आईला धीर होईना, म्हणून तुमचे पत्र मीच महिपतरावांसमोर मोठ्याने वाचले. ते टोपी घालून उठलेच. श्रीपाद (लग्नानंतर नाव घेता येणार नाही, म्हणून आताच लिहून घेते) मात्र जाजमावरून हलले नाहीत. मी मनात म्हटले, जायचे ते जाईलच, बोलून तरी घेऊ. सांगितले की तुम्ही व्यापारी माणसे, भाव रोज चढतायत हे तुम्हीच जाणता. आज उठून गेलात तर उद्या मुलगी याच भावात मिळेल असे नाही.

आईने कपाळाला हात लावला. आधी श्रीपाद हसले, मग महिपतराव. टोपी काढून म्हणाले की वैशाखातला मुहूर्त काढा, ही पोरगी आमच्या गल्ल्यावरच बसवायला हवी.

मी लगेच हो म्हटले, मामा. मुलालाही आणि गल्ल्यालाही.

रिकाम्या हाती या, पण नक्की या.

आपली लाडकी,
पद्मजा