अण्णांचा वाघ

राजुरी, मळ्यातून

प्रिय हर्षू,

पत्र बघून हसशील. आई फोन सोडून कागदावर आली म्हणजे जावईबापूंकडून काहीतरी मोठं मागवायचं असणार, असं म्हणशीलही. पण तुझा फोन आला की अण्णा तो स्पीकरवर टाकून माझ्या शेजारी बसतात, आणि जे सांगायचं आहे ते त्यांच्यासमोर बोलता येत नाही. उद्या सावळेराम भाऊजी टोमॅटोची गाडी घेऊन पुण्याला निघालेत, त्यांच्याकडे हे पाकीट देते. एकटी असताना वाच.

आधी चांगलं सांगते. तुझे अण्णा खडखडीत बरे झाले, असं सगळी वस्ती म्हणते. चिमाजी भाऊजींचं तसं झालं तेव्हापासूनचे दिवस तू पाहिले आहेस. पहाटे दोघं शेजारच्या वाफ्यांत कांद्याला पाणी देत होते, भाऊजी बारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला वाकले आणि उसातून आलेल्या बिबट्याने अण्णांच्या डोळ्यांदेखत त्यांना ओढून नेलं. त्यानंतर अण्णा अंगणात निघाले तरी मला दारात उभं करायचे. छाती धडधडायची, बनियन घामाने चिंब व्हायचं, श्वास पुरत नाही म्हणायचे. ज्या माणसाने मला कधी पाण्याचा तांब्या मागितला नाही, तो माझा पदर धरून बसायचा. ते बघताना माझा जीव किती तुटायचा ते तुला कधी सांगितलं नाही.

मंचरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गुण यायला वेळ लागेल म्हणाले. तुला कुठला धीर? लहानपणी पेरलेला लसूण उकरून बघणारी तू. मोबाइलवर शोधून तू ते मंचरमधलंच ऑक्सिजनच्या टाकीचं सेंटर काढलंस. जखमा भरायला ती टाकी वापरतात, घबराटीवर ती चालते याचा पक्का पुरावा नाही, हे डॉक्टरांनी तुला फोनवर सांगितलं होतं. पण अण्णा आपणहून हो म्हणाले, मग आपण दोघी गप्प बसलो.

टाकी म्हणजे आपल्या डेअरीतल्या दुधाच्या कूलरसारखी, फक्त बाजूला काचेची खिडकी. आत सुती कपडे घालून झोपायचं, नाकातोंडावर मास्क लावायचा, दार बंद झालं की हवेचा दाब वाढायचा. कानात दडे बसतात म्हणून अण्णा पहिल्या दिवशी कुरकुरले. पुढे मात्र त्यांना ते आवडायला लागलं. आत स्पीकर आहे. अण्णा डोळे मिटून पडले की तिथल्या समुपदेशक मॅडम बाहेरून त्यांच्याशी हळू आवाजात बोलायच्या. मी बाकावर बसून काचेतून बघायची. काय बोलतात ते मला ऐकू यायचं नाही, पण अण्णांच्या कपाळावरच्या आठ्या सुटताना दिसायच्या. ऑक्सिजनने सुटल्या, की निवांत पडायला मिळालं म्हणून, ते मला विचारू नकोस.

घरी अण्णा शीळ घालायला लागले. भाकरी दोन घास जास्त जायला लागली. मी देवापुढे साखर ठेवली. मग एक दिवस त्यांनी तो खिळ्यांचा पट्टा काढला. रानात वाकून काम करताना मानेला संरक्षण म्हणून आम्ही सगळेच तो घालतो, तुझ्या भाषेत आमचा नेकलेस. त्यांनी तो वासराच्या खुंट्याला अडकवून टाकला. मी विचारलं, तर म्हणाले, "कशाला पायजेल? वाघ न्हाईच आपल्याकडं." मला वाटलं थट्टा करतायत.

थट्टा नव्हती. परवा विहिरीवरच्या मोटारीजवळच्या ओल्या मातीत पंजे उमटले होते, चांगले माझ्या तळहाताएवढे. अण्णांनी ते पायाने पुसले आणि कुत्रं म्हणाले. सावळेराम भाऊजींची कुत्री साखळीसकट गेली, तर म्हणाले, "पळाली आसंल." आणि काल चिमाजी भाऊजींची साळुबाई चहाला आली होती. तिच्यासमोर अगदी प्रेमाने म्हणाले, "वैनी, चिमाजी चक्कर येऊन पडला व्हता. मीच घाबरून कायतरी भलतंच बघितलं." साळुबाईने कप तसाच खाली ठेवला आणि निघून गेली. अण्णांना त्यात काही वावगं वाटलं नाही. हर्षू, त्या वेळी मला माझ्याच नवऱ्याची भीती वाटली.

म्हणून आज डॉक्टरांना दाखवायचं निमित्त काढून मी एकटीच मंचरला गेले आणि त्या मॅडमना गाठलं. बाई गोड आहेत, मूळच्या चंद्रपूरकडच्या, इकडे नव्या. मला बघून खूश झाल्या. म्हणाल्या, काकांच्या मनात वाघ बसला होता, पुणे जिल्ह्यात एकही वाघ नाही हे मी त्यांना रोज सांगत गेले, आता भास पूर्ण गेला. मी म्हटलं, "मॅडम, आमच्याकडं बिबट्यालाच वाघ म्हणत्यात." त्यांचा चेहरा पांढरा पडला. चिमाजी भाऊजींचं नाव अण्णांनी तिथे कधी घेतलंच नव्हतं. उसात वाघ दिसतो, एवढंच सांगत राहिले. त्यांच्या गावाकडे वाघ म्हणजे पट्ट्यांचा, आणि तो इथे नाहीच, हे बाईंचं बरोबर होतं. आणि अण्णांना तरी काय, कुणीतरी शिकलेल्या माणसाने नाही म्हणावं एवढंच हवं होतं. मॅडम म्हणाल्या, वरिष्ठांशी बोलते, तोपर्यंत काकांना एकदम काही सांगू नका, दुखणं उलटेल.

मी तरी सांगून पाहिलंच. ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "तुलाबी टाकीत घालाया पायजे."

आता लिहायचं कारण. दिवाळीच्या सुट्टीत स्वराजला घेऊन येतेस असं तू म्हणालीस, तेव्हापासून अण्णांनी उसाच्या कडेला बाजेची जागा साफ केली आहे. नातवाला तिथे घेऊन बसणार, पोराच्या मनात वाघाची भीती राहू देणार नाही, असं येईल त्याला सांगतात. स्वराजला आणू नकोस. त्याला ताप आला म्हण, काहीही म्हण, पण तू एकटी ये, आणि येताना मंचरहून त्या मॅडमना सोबत घे. माझं ते ऐकत नाहीत. ज्या आवाजाने त्यांचा वाघ काढला, त्याच आवाजाने तो परत घालायला हवा. पुन्हा छाती धडधडू दे, पुन्हा माझा पदर धरून बसू देत, मी जन्मभर दारात उभी राहीन. उशीर करू नकोस. रोज दिवस मावळायला ते हात हलवत उसाच्या कडेने फिरायला निघतात, आणि त्यांना एकटं सोडवत नाही म्हणून मीही जाते. वाघ मागून येतो, म्हणून मी त्यांच्या मागे चालते.

तुझीच,
आई