शिवतेजचं जाळं

२१ एप्रिल
शिबिराच्या पोरांना आज खाडीत नेलं. उन्हाळ्यात होडी देईन, असं शिवतेजने त्यांना कबूल केलं होतं. तो फेब्रुवारीत गेला. माझ्या पोराने दिलेला शब्द, म्हणून मी गेलो. रिटायर माणसाला दुसरं काम तरी काय!

पोरं वाशी-सानपाड्याची, नववी-दहावीची. तिवरांत अडकलेलं प्लास्टिक काढायचं, पक्षी बघायचे, वर होडीची मजा. मिथुन म्हणून एक आहे, तोंड बंदच नाही. "काका, हिला रिव्हर्स गिअर नाय का?" मी हसलो.

हसल्याचं घरी बायकोला, वैजयंतीला सांगितलं नाही.

२२ एप्रिल
खाडीच्या पलीकडच्या फाट्यात होडी घातली नाही. पाणी कमी आहे म्हणालो — खोटं.

तिकडे शिवतेजचं जाळं आहे. पहाटे लावून आला होता, संध्याकाळी ओढणार होता. दुपारी तुर्भ्याला ट्रकने उडवलं. तेव्हापासून ते तसंच आहे. मी ओढलं की त्याचं शेवटचं कामही संपलं. शेजारचा नामा त्याच्याबरोबर मासेमारीला जायचा. तो एकदा म्हणाला, "दादा, जालं काढून आनू का?" मी त्याच्यावर ओरडलो होतो.

२५ एप्रिल
फाट्यात एक फ्लेमिंगो अडकलेला शिबिरातल्या रुतिकाने दुर्बिणीतून पाहिला. जाळ्याची एक बाजू खांबावरून सुटून तिवरांत गेली होती. पाय, पंख — सगळं गुंतलेलं. नामाचीही होडी शिबिराला लावलेली आहे. तो चिखलात उतरला, जाळं कापलं. मी होडीतच बसून राहिलो.

रुतिका रडत होती. "कोण माणूस आहे हा! जाळं टाकतो आणि विसरतो? लाज नाही वाटत?"

शिबिराच्या संघप्रियाताईंनी मला विचारलं, "काका, तुम्ही इथले. कोणाचं असेल?"

"काय माहीत. बाहेरच्या कोणाचं तरी."

नामाने माझ्याकडे पाहिलं. पक्षी खोक्यात घालून दवाखान्यात नेला.

२६ एप्रिल
जेवण गेलं नाही.

२८ एप्रिल
संघप्रियाताईंनी जेटीवर सगळ्या होडीवाल्यांना सांगितलं — ज्याचं जाळं, त्याची होडी शिबिराला नको. मी खाली बघत होतो. नामा म्हणाला, "माजं हाय."

त्याच्या होडीतली पोरंही माझ्या होडीत आली! मिथुन म्हणाला, "काका बेस्ट आहेत." आणि मी नेली त्यांना.

संध्याकाळी नामाकडे गेलो. कशाला खोटं बोललास, विचारलं.

"मंग काय करू? तुमी तर बोलत नाय. पोराचं नाव निघलं असतं. मेल्यावर शिव्या खाव्या काय त्यानी?" मग म्हणाला, "बसा. चा घ्या."

मी चहा पिऊन आलो. त्याचं पंधरा दिवसांचं काम गेलं, आणि मी चहा पिऊन आलो.

३० एप्रिल
वैजयंतीला सगळं सांगितलं. ती सुकट निवडत होती. हात थांबला नाही.

"शिवा असता तर दुसऱ्या दिशी जालं काढून आनलं असतं त्यानी. पिसाला धक्का लागू देत नव्हता. तुमी त्याच्या नावानं पाखरू अडकवलंत."

रडली असती तर बरं झालं असतं.

२ मे
फ्लेमिंगो मेला. पोरं माझ्या होडीत बसली होती, तेव्हा संघप्रियाताईंनी सांगितलं. मी म्हटलं, ते जाळं नामाचं नाही.

"मग कोणाचं?"

शिवतेजचं म्हणणार होतो. पण तो तर फेब्रुवारीतच गेला.

"माझं."

रुतिका आधी उतरली. मग बाकीची. सगळी जाऊन जेटीला बांधलेल्या नामाच्या होडीत बसली.