जुन्या चिपची टकटक

ताई,

तुझा जुना कॉम्प्युटर लावू नकोस. मी अतिशहाणपणा करून बसलोय. आवाज कमी-जास्त केला की आतली आवाजाची चिप टकटक करायची, म्हणून तुला न विचारता नवी बसवली. वाटलं, खूश होशील. सकाळी तू लिहिलेला गाण्याचा प्रोग्रॅम लावून पाहिला. धून अगदी स्वच्छ वाजली, पण शेवटी बाबा "पुरे आता, झोपा" म्हणतात तिथे नुसती कुजबुज. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ती टकटक सेकंदाला हजारो वेळा करायला लावून त्यातूनच तू बाबांचा आवाज काढला होतास. ते गेल्यावर तेवढाच तर उरला होता, आणि मी तो बिघाड समजून उपटून टाकला.

जुनी चिप माझ्या दुरुस्तीच्या दुकानातल्या भंगारात आहे. भंगारवाला आज येणार, म्हणून चहासुद्धा न घेता पळतोय.

आईला काही बोलू नकोस. ती दारात उभी राहून ऐकत होती. "जरा मोठा कर रे," म्हणाली. कॉम्प्युटर जोडलाय त्या टीव्हीचा आवाज मी पूर्ण वाढवला, तर धूनच तेवढी मोठी झाली. टीव्ही बिघडलाय, असं ठोकून दिलं.

तर म्हणते, "मग काय, घरचाच मेकॅनिक आहे की."