जोडीनं या

१३ एप्रिल, रविवार
समीर वेगळा राहायला गेल्यापासून पहिल्यांदाच एकटीने फेरी केली. तिकोणा पेठेतून वर, धारेवरून खिंडीपर्यंत, वाडीत उतरून परत पेठ. आमची दर उन्हाळ्याची, लग्नाच्याही आधीपासूनची. गवत जळून गेलंय, कातळ तापलेला. मधल्या कातळटप्प्यावर स. खाली उभा राहून सांगायचा, "डावा पाय वर, अजून थोडा." मी चिडायचे, मला दिसतंय म्हणून. आज दिसत नव्हतं, डोळे भरलेले. कड्याला चिकटून रडणारी बाई. छान. चढले मात्र.

वाडीत भीमामावशीकडे पाणी प्यायला थांबले, नेहमीसारखी. पहिला प्रश्न, "दादा कुटं?"
"पुण्याला. कामात आहे."
इतकं सहज खोटं बोलले की माझं मलाच नवल वाटलं.

१६ एप्रिल
वकीलबाईंचा फोन. २ मे, शुक्रवार. कोर्टात घटस्फोटाची शेवटची सही. "दोघं तयार आहात ना?" हो म्हटलं. मारहाण नाही, लफडं नाही. स. एवढंच म्हणाला होता, "आपण एकमेकांना दमवतो गं." त्यावर मला भांडायलाही काही सापडलं नाही. भांडायला हवं होतं.

२० एप्रिल, रविवार
परत गेले. घसाऱ्यावर दोनदा आपटले, तळहात सोलले. त्याचं काही नाही.

मावशी अंगणातूनच ओरडली, "पाय बरा हाय का गं?" मला कळेना कसला पाय.
"दादा आलता की गुरुवारी. एकलाच. म्या म्हनलं, ताई रैवारी येऊन गेली, तू कामात हाईस म्हनली. तर हसला. मंग म्हनला, तवाच उतरताना पाय मुरगळला तिचा, घरी बसलीया."

म्हणजे तोसुद्धा. त्याच ओट्यावर बसून.
"बरा आहे आता," म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

मावशीचं घरकुल पुरं झालंय. अक्षय्य तृतीयेला घरभरणी. मला कुंकू लावलं आणि बजावलं, "आखितीला जोडीनं या. दादानं कबूल केलंय. एकली आलीस तर उंबऱ्याभायेर हुबी करीन."

निघताना मी चक्क लंगडत गेले. वळणापर्यंत. पलीकडे एका दगडावर बसून पोटभर रडून घेतलं.

२४ एप्रिल
कबूल केलंय म्हणजे काय? सवयीने म्हणाला असेल. तो कुणालाच नाही म्हणत नाही, मला सोडून.

त्याला कळलंय मी खोटं बोलले. मला कळलंय तो बोलला. अख्ख्या जगात एका वाडीत आमचं लग्न अजून शाबूत आहे आणि ते आम्ही दोघांनी मिळून सांभाळलंय. एवढा एकोपा घरात असता तर

फोन हातात घेतला, ठेवला. मला तो परत हवाय. लिहिलं एकदाचं.

२९ एप्रिल
उद्या घरभरणी. बाजारातून मावशीसाठी तांब्याची कळशी घेतली. दुकानदार नाव घालायचं मशीन हातात घेऊन तयारच. "कुणाकडून टाकू, ताई?"
मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. माझं एकटीचं सांगायचं ठरवून गेले होते.
"समीर आणि अनघा," म्हटलं.
"मिस्टरांचं आधी ना?"
"हो."
घर्रर. झालं. चिंच लावून घासलं तरी जायचं नाही.

आता कळशी समोर टेबलावर. अक्षरं जरा तिरकी आलीत. आत्ताच स.ला मेसेज पाठवला, 'मावशीसाठी कळशी घेतली. दोघांच्या नावाने.' पुढे काय लिहायचं ते सुचलं नाही. फोन पालथा ठेवलाय. मघाशी एकदा थरथरला. बघायचा धीर होत नाही.