काळेरावांची सात सेकंदं

तंजावूर,
१२ फेब्रुवारी १९९५

ती. अण्णास,

वसूचा नमस्कार. सौ. रंजनावहिनींना नमस्कार, चि. दिव्यश्रीला आशीर्वाद.

इकडे सगळं क्षेम. शेजारच्या शेषम्मांच्या घरी केबल आल्यापासून त्यांची देवळातली संध्याकाळची फेरी बंद आहे. मारुतीरायाही सिरियल संपायची वाट बघत असेल. अप्पांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तेवीस तारखेला, गुरुवारी ठरलंय.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण पुढचं सांगायचं तर बूथच्या काचेबाहेर माणसं ताटकळत उभी असतात. आणि देवनागरी तुमच्या घरात तुझ्याशिवाय कोणाला वाचता येत नाही, तेवढाच मला धीर.

काळेराव आठवतात ना? मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला तो तीनशे किलोमीटर रुंदीचा, कोळशासारखा काळा दगड. अप्पांनीच त्याचं बारसं केलं होतं. आपल्या दुर्बिणीतून तो दिसायचा नाही. एखाद्या ताऱ्याच्या आड आला, तारा काही सेकंद झाकला, तरच तो तिथे आहे हे कळायचं. काय वेडे होतो आपण! एका न दिसणाऱ्या दगडासाठी महिनाभर गच्चीवर तालीम. मी दुर्बिणीला डोळा लावून 'गेला', 'आला' ओरडायचं, अप्पांनी घड्याळाची कळ दाबायची, आणि तू आमच्या दोघांच्या कॉफीतली साय खायचास. त्या महिन्याइतकं सुख मला पुन्हा मिळालं नाही, अण्णा.

मग ती एकोणऐंशीच्या मार्चमधली संध्याकाळ. तू मागून आणलेली दुर्बीण घेऊन तिथूनही तोच तारा बघायला बसने पापनाशमला गेलास, आम्ही घरी. सव्वासातची वेळ टळली. तारा जागचा हलेना. शेजारी अप्पांचा श्वास ऐकू येत होता. कॉलेजात सगळे हसायचे त्यांना, 'प्रयोगशाळेचा शिपाई आकाश मोजतोय' म्हणून. घड्याळाच्या कळेवर त्यांनी अंगठा टेकवून ठेवला होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'गेला!' एकदा गेला म्हटल्यावर आणावाही लागला. मी मनात सात मोजले.

तारा कुठेही गेला नव्हता.

रात्री तू परत आलास आणि तेच म्हणालास. दगडाची सावली तीनशे किलोमीटर रुंद, मग पंचवीस किलोमीटरवर इथे दिसलं नि तिथे नाही? अप्पा तुला लबाड म्हणाले, दुर्बीण सोडून स्टेशनजवळच्या हॉटेलात बसला असशील म्हणाले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी कॉफीचे पेले उचलून आत गेले. मी एकोणीस वर्षांची होते, लहान नव्हते. आठ दिवसांनी तू बेंगळूर गाठलंस. माझ्या लग्नाला तुझी नुसती तार आली, तेव्हाही मी सगळ्यांना तुलाच हट्टी म्हणून सांगितलं.

परवा डॉक्टर अप्पांना म्हणाले, आता सगळं लख्ख दिसेल. घरी आल्यावर मी अप्पांना सांगून टाकलं.

 त्यांनी दिवसभर माझ्या हातची कॉफी घेतली नाही. दिवेलागणीला हाक आली, "काय गे, ती नोंदींची वही आण. मागल्या पानांत रघूचा कागद हाय." खरंच होता, अण्णा. तुझा पापनाशमचा कागद, चार घड्या घातलेला. फाडला नव्हता त्यांनी.

"लिही," म्हणाले. "तंजावूरचं अस्कं, सारंच खोटं. पापनाशमचं खरं." मी लिहिलं. खाली त्यांनी चाचपडत सही केली, अर्धी ओळीबाहेर गेली. मग विचारलं, "तो यील का गे?" मज ठावूक नाही, म्हटलं.

ते पान सोबत पाठवते आहे. मला क्षमा करायची की नाही, ते तुझं तू ठरव. मी मागत नाही, मागायला तोंड नाही. पण शुक्रवारी सकाळी नऊ वाजता पट्टी सोडणार आहेत. अप्पा आत्तापासून विचारताहेत, दारात कोण असेल.

मी दारातच उभी राहीन. या वेळी 'आला' म्हणेन ते डोळ्यांनी पाहिल्यावरच.

तुझी,
खोटारडी वसू